सत्याचे परीक्षक कोण?

विल्यम जेम्स यांच्या १९०७ मधील ‘प्रॅग्मॅटिझम’ या ग्रंथात सत्याची कसोटी विचाराच्या व्यवहारातील फलिताशी जोडलेली आहे. मात्र हे फलित कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न तेथे दुय्यम राहतो. महाडच्या चवदार तळ्यावर विटाळाची कल्पना सवर्णांच्या दृष्टीने फलदायीच होती. तेवढ्याने ती सत्य ठरत नाही. जॉन ड्यूई यांनी सत्यशोधनाला सामूहिक चौकशीचे रूप दिले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी असलेल्या डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील १९२७ च्या सत्याग्रहाने ‘समूह’ म्हणजे कोण, या प्रश्नावरच बोट ठेवले. ज्यांना परिणाम भोगावे लागतात त्यांची साक्ष वगळून झालेली परीक्षा अपुरीच होय. फलप्रामाण्यवाद त्याज्य ठरत नाही. परीक्षक कोण, हे मात्र आधी विचारले पाहिजे.