सेल्फ मारला की नुसतं 'टक टक'? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

गेल्या महिन्यात ऑफिसला निघताना माझ्या बाईकनं नुसतं 'टक टक' केलं. गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी गेली, नवीन टाका." मी आधी मल्टिमीटर लावला. बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती! दोष निघाला सैल, पांढरी पावडर धरलेल्या टर्मिनलचा. साफ करून आवळलं, गाडी सुरू.

हा त्रास आता जास्त का जाणवतो? एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा पेट्रोल पंप आणि ईसीयू विजेवर चालतात. कित्येक गाड्यांची किकही गेली. म्हणजे बॅटरी पूर्ण बसली की धक्का मारूनही गाडी सुरू होईलच असं नाही.

म्हणून तीन रीडिंग घ्या:

१. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास असेल तर चार्ज ठीक.
२. चार्ज असूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली, तर बॅटरी थकलीय.
३. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवं. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंगमध्ये दोष आहे. नवी बॅटरीही बसेल.

बदलायचीच झाली तर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. जुनी बॅटरी भंगारात देऊ नका, आत शिसं आणि ॲसिड असतं. २०२२ च्या नियमांनुसार ती गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुकानात परत द्या आणि बिलात तिची किंमत वजा करून घ्या.