एका दिवसाच्या चाचणीत काय कळतं?

आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक नाहीत. होते ते निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि शिट्टी माझ्या गळ्यात आली. मी शिकवते उर्दू आणि मराठी. बी.एड.ला शारीरिक शिक्षणाचा जेवढा भाग होता, तेवढंच माझं या विषयातलं शिक्षण. तरी गेली काही वर्षं मुलींची बास्केटबॉलची टीम मीच बघते. मैदान म्हणजे मुरमाची जागा, एका टोकाला लोखंडी खांबावर रिंग. जाळी कधीच गेली, बोर्ड पावसाने फुगलेला.

पहिल्या वर्षी टीम कशी निवडली ते सांगते. मुलींना रांगेत उभं केलं आणि सगळ्यात उंच दहा जणी बाहेर काढल्या. बास्केटबॉल म्हणजे उंची, एवढंच मला ठाऊक होतं. आठवीतली एक बुटकी मुलगी मात्र रोज थांबायची आणि बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायची. दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ही चेंडूमागे धावतच नाही. चेंडू जिथे पडणार, तिथे ती आधीच उभी असते. म्हणजे दोन महिने टीममधली सगळ्यात हुशार खेळाडू मी चेंडू उचलायला ठेवली होती.

पुढे ती आमची मुख्य खेळाडू झाली. दोन वर्षांनी तिला एका निवड चाचणीला घेऊन गेले. पहाटेची एसटी, तीन तासांचा प्रवास, पोटात चहा आणि दोन बिस्किटं. सिमेंटचं कोर्ट आणि दोन्ही टोकांना रिंग तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिच्या वाट्याला दहा मिनिटं आली. उंची मोजली, थोडं पळवलं, पाच वेळा चेंडू टाकायला लावला. शेरा मिळाला, "उंची कमी." परतीच्या बसमध्ये ती गप्प होती. उतरताना एवढंच विचारलं, "मॅडम, मी फेल झाले का?" मी "नाही" म्हटलं, पण का नाही, ते मला नीट सांगता आलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

उर्दूत दोन शब्द आहेत, हुनर आणि सलाहियत. मराठीत कौशल्य आणि कुवत म्हणा. आज हातात जे आहे ते हुनर. नीट शिकवलं, नीट खाऊ घातलं, वेळ दिला तर जे होऊ शकतं ती सलाहियत. हुनर एका सकाळी मोजता येतो. सलाहियत एका सकाळी दिसत नाही, ती पुन्हा पुन्हा बघावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक निवडींमध्ये हुनर मोजतात आणि निकाल सलाहियतीचा लावतात. माझी तक्रार एवढीच आहे.

मोजमाप वाईट असतं असं मी म्हणत नाही. आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या बघा. उंची, वजन, ३० मीटर धावणं, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर. लहान मुलांसाठी या चाचण्या विचार करून ठरवलेल्या आहेत. मुलाचा वेग आणि ताकद त्यातून कळते. पण दुसऱ्या मुलीला मोकळी जागा मिळावी म्हणून स्वतः बाजूला होणं, चुकलेल्या पासनंतर मान खाली न घालता परत बचावाला धावणं, सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी लक्षात असणं, याला टेप लागत नाही. त्यासाठी खेळ बघावा लागतो, तोही हरत असताना.

ज्या देशात बास्केटबॉलच्या खेळाडूंची कॉलेजसाठी पारख करणं हाच एक मोठा धंदा आहे, तिथेही हे चुकतं. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंना हॉटेलसारखे तारे देतात. पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. स्टीफन करी बारीक होता, अंगाने कमी होता. त्याचे वडील स्वतः एनबीएत खेळलेले, पण ज्या कॉलेजकडून ते खेळले होते, त्याने मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. २००६ मध्ये तो डेव्हिडसन नावाच्या लहानशा कॉलेजात गेला. एनबीएत सगळ्यात जास्त तीन गुणांचे बास्केट करण्याचा विक्रम पुढे त्याच्याच नावावर लागला. आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगची गोष्ट नेमकी उलट. सात फूट दोन इंच उंची. २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण लीगचा एकही नियमित सामना त्याला खेळायला मिळाला नाही. यात त्याचा दोष नाही. उंची दार उघडून देते, आत काय होईल ते सांगत नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण. मिशन शौर्य तुम्हाला आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची आदिवासी मुलं एव्हरेस्टवर नेण्याचा तो उपक्रम. या मुलांची पहिल्याच दिवशी 'गिर्यारोहण येतं का' अशी चाचणी घेतली असती, तर एकही पास झालं नसतं. जंगल माहीत होतं, चढण माहीत होती, पण बर्फ पाहिला असण्याचं कारणच नव्हतं. तसं केलं नाही. ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असं टप्प्याटप्प्याने शिकवत नेलं. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम शिखरावर उभे राहिले. टीम दहा जणांची होती. उरलेल्या पाच जणांची नावं आपण घेत नाही. पण तिथवर पोचण्याची सलाहियत त्यांनीही दाखवलीच होती.

चंद्रपूर-गडचिरोलीत निवड करताना आणखी तीन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, वय. शाळेचा दाखला उघडा, कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून. नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की वयोगटाची रेघ ज्या तारखेला मारतात, तिच्या लगेच नंतर जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात. कारण गटात तीच सर्वांत मोठी असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी आठ-दहा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची. जिथे तारीखच अंदाजाची, तिथे "उंची कमी" या शेऱ्याला किती अर्थ?

दुसरी, रक्त. ८०० मीटरला दम लागला की आपण "स्टॅमिना नाही" लिहितो. आपल्या भागात मुलींमध्ये ॲनिमिया सर्रास, आणि सिकलसेलही आहे. शेरा लिहिण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी व्हायला हवी. एखादीला गोळ्या आणि जेवण हवं असेल. एखादीला सिकलसेलचा आजार असेल, तर तिला बळेच पळवणं धोक्याचं आहे.

तिसरी, किती दिवसांचा खेळ? शहरातली मुलगी चार वर्षं प्रशिक्षकाकडे शिकून आलेली, आमची एका रिंगवर सात महिने. दोघींना पाचपैकी तीन गुण मिळाले तर दोघी सारख्या आहेत का? माझ्या मते दुसरी पुढे आहे. पण फॉर्मवर हा रकानाच नसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. माझे एक सहकारी सर म्हणाले, "मॅडम, टेप कोणाची पोरगी आहे ते विचारत नाही. 'कुवत दिसली' म्हणायची मुभा दिली की उद्या कुवत फक्त सभापतींच्या भाचीतच दिसेल." बरोबर आहे. वशिल्याने बाजूला पडणाऱ्यांत आमचीच मुलं पहिली असतात, मुसलमानांची असोत, गोंड-माडियांची असोत. म्हणून मी टेप टाकून द्या म्हणत नाही. टेप दोनदा लावा म्हणते. आज मोजा, आठ-दहा दिवसांचं शिबिर घ्या, तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या. दोन आकड्यांमधला फरक हाही आकडाच आहे. त्यालाही वशिला लागत नाही. कोण किती वेगाने शिकतं हे त्यात दिसतं, आणि शिकण्याचा वेग म्हणजेच सलाहियत.

एक गोष्ट आपल्या समाजासाठी. आमच्या मुलींबद्दल निवडणारे मनातल्या मनात ठरवून टाकतात, "घरचे पुढे पाठवणार नाहीत, जागा वाया जाईल." घरच्यांना विचारत कोणी नाही. या मुलीच्या अम्मीला मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खेलने दो मॅडम, बस आना-जाना आपके साथ." अडचण खेळाची नव्हतीच, सोबतीची होती. आणि दार फक्त घरचेच बंद करतात असंही नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात १८९१ मध्ये बास्केटबॉलचा जन्म झाला. त्याच शहरातली बिल्किस अब्दुल-कादिर शाळेत ३ हजारांहून जास्त गुण करून राज्याच्या विक्रमावर पोचली, हिजाब घालून कॉलेजात खेळली. पुढे व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या डोकं न झाकण्याच्या नियमाने तिला अडवलं. नियम २०१७ मध्ये बदलला, तोवर तिची खेळायची वर्षं निघून गेली होती. तिच्या सलाहियतीत काय कमी होतं?

आमची मुलगी आता अकरावीत आहे. कॉलेजात मैदान आहे, दोन रिंग आहेत. पुढे पदवीला गेली, तर गोंडवाना विद्यापीठाच्या टीमसाठी तिने प्रयत्न करावा असं मला वाटतं. निवड होईल की नाही, अल्लाह जाणे. न झाली तरी चालेल, पण तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बघून मग नाही म्हणावं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. बेटा, तू फेल झाली नाहीस. त्या दिवशी तुझी उंची मोजली गेली, तुझा खेळ अजून कोणी मोजलेलाच नाही. आणि पहिल्या वर्षी ज्यांनी तो मोजला नाही, त्यांत तुझी ही मॅडमही होती.