वळल्यावर बंद पडणारी मोटार



वारंगा फाट्याला समुद्र नाही. हिंगोलीचा आणि यवतमाळचा रस्ता इथे मिळून नांदेडला जातो; लोक खिचडी खायला थांबतात आणि गाडी कुरकुरत असली तर आमच्याकडे वळतात. आमचं काम ट्रॅक्टर, पंप आणि दुचाकींचं. पण पैनगंगेवरचं इसापूर धरण आमच्याच तालुक्यात आहे. तिथे मासेमारी करणारे एक चाचा आपल्या बोटीची जुनी दोरीची मोटार टेम्पोत घालून घेऊन आले.

मुलाला घेऊन जाळं टाकायला गेले असताना संध्याकाळी पाण्याच्या मधोमध मोटार बंद पडली. वारा सुटलेला. दोघं वल्ही मारत अंधारात काठाला लागले. कोणीतरी त्यांना नवी बॅटरी घ्यायला लावली होती. तो खर्च पाण्यात गेला, कारण दोरीनं चालू होणाऱ्या अशा मोटारीला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. चाकातले लोहचुंबक फिरतात, आतल्या कॉईलमध्ये वीज तयार होते आणि ती प्लगला जाते. जुन्या स्कूटरचं मॅग्नेटो असंच असतं.

आम्ही प्लग काढून पाहिला. ठिणगी कधी येई, कधी नाही. आम्ही सांगितलं, कॉईल गेली. चाचांनी नांदेडहून कॉईल आणली, ती बसवून मोटार ड्रमात चालवली. (बोटीची मोटार पाण्याबाहेर चालवू नये, थंड करणारं पाणी मिळत नाही आणि पंपाचं रबर जळतं.) छान चालली. दोन दिवसांनी चाचा परत दारात. मोटार पुन्हा मधोमध बंद पडली होती.

या वेळी आम्ही घाई केली नाही. चाचांना एकच विचारलं, “बंद पडली तेव्हा काय करत होता?” ते म्हणाले, “बोट वळवत होतो.”

तिथेच उत्तर होतं. हँडल सरळ ठेवून दोरी ओढली, निळी ठिणगी. हँडल वळवून ओढली, ठिणगी गायब. बंद करायच्या बटनाची वायर हँडलच्या वळणावर घासून उघडी पडली होती. हे बटन वीज तोडत नाही, ती बॉडीला जोडून देतं. म्हणजे उघडी वायर बॉडीला टेकली की कोणी न दाबताच बटन दाबलं जातं. ती वायर सोडवून पाहिली; हँडल कुठेही वळवा, ठिणगी कायम.

चाचा म्हणाले, “उस्ताद, चालू तं झालं. आता राहू द्या तशीच.” आम्ही ऐकलं नाही. मनगटाला बांधायची सुरक्षा-दोरी याच वायरवर आहे. माणूस पाण्यात पडला तर ती दोरी निसटते आणि मोटार थांबते. वायर सुटी ठेवली तर बोट त्याला सोडून पुढे जाईल, नाहीतर फिरणारा पंखा घेऊन त्याच्याच अंगावर येईल. नवी वायर ओढली, वळणावर नळीचं आवरण घातलं. कॉईलचे पैसे आम्ही परत केले; चूक आमची होती.

तुमच्या घरी बोट नसेल, पण जुनी स्कूटर किंवा फवारणीचा पेट्रोल पंप असेल. क्रम हाच ठेवा. आधी पेट्रोल आणि बंद करायचं बटन पाहा. मग प्लग काढा, टोपीत घालून त्याची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवा आणि दोरी किंवा किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा. तिथून पेट्रोलची वाफ येते. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा आणि पकड रबरी मुठीचीच घ्या. ठिणगी नसेल तर बटनाची वायर सोडवून पुन्हा पाहा. आली तर दोष वायरीत किंवा बटनात. तरीही नाही आली तर नवा प्लग लावून पाहा, पॉइंट साफ करा, आणि कॉईलचा विचार सगळ्यात शेवटी करा.

आणि मिस्त्रीकडे गेलात तर गाडी बंद कधी पडते ते नक्की सांगा: वळताना, तापल्यावर की पावसात. मिस्त्रीनं विचारलं नाही तरी सांगा. आम्हीही पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं.