चुकले काय: हिशेब, अंदाज की वैद्य?

इंग्रजी भाषेत ‘मिस’ हा एवढासा उपसर्ग आहे. पण चुकांच्या दुनियेत त्याचा संचार फार मोठा. मोजण्यात चुकले तर मिसकाउंट, हिशेबात चुकले तर मिसकॅल्क्युलेट, पारख चुकली तर मिसजज. अंदाज फुगला तर ओव्हरएस्टिमेट, तोकडा पडला तर अंडरएस्टिमेट. इंग्रजीतून वैद्यक शिकलेल्या आपल्या पिढीची अशी समजूत झाली आहे की एवढा बारकावा त्याच भाषेत आहे, मराठीत मात्र ‘चूक’ हा एकच शब्द सर्वांच्या माथी. ही समजूत मला मान्य नाही.

नजरचूक, विसर, अनवधान, गफलत, हयगय, निष्काळजीपणा, प्रमाद ही नावे आपलीच आहेत आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. आपल्या व्यापाऱ्यांनी तर पावतीच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहून चूक आणि भूल यांची केव्हाच फारकत केली. मला अधिक मोलाचे वाटते ते व्याकरण. इंग्रज म्हणतो, मी चुकीचा हिशेब केला. कर्ता तो स्वतः. मराठी माणूस म्हणतो, माझा हिशेब चुकला. येथे कर्ता हिशेब आहे. ‘माझा अंदाज चुकला’, ‘माझ्याकडून हयगय झाली’ आणि ‘मी चुकलो’ ही तीन वाक्ये तीन निरनिराळ्या कबुल्या आहेत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात हात वा स्मरण घसरल्याने होणारी चूक आणि मुळात बेतच चुकीचा आखल्याने होणारी चूक यांत भेद केला. तो भेद आपल्या बोलण्यात पूर्वीपासून आहे. व्यवसायात मात्र आपण तो वापरीत नाही.

बालरोगतज्ज्ञाला हा भेद चैनीचा नाही. मोठ्या माणसाची गोळी ठरलेली असते. आमचे प्रत्येक औषध वजनाशी गुणावे लागते. चार वर्षांच्या मुलाचे वजन वयावरून काढण्याचे जुने सूत्र आपण सारे जाणतो: वयात चार मिळवून दुप्पट करावी, म्हणजे १६ किलो. आकडी आलेले मूल दारात आणले गेले आणि तोलायला क्षणाची उसंत नसेल, तर हे सूत्र देवासारखे धावून येते. परंतु ते मूल कुपोषित असून प्रत्यक्षात १२ किलोचे निघाले, तर मात्रा एक तृतीयांशाने जास्त गेली. येथे अंदाज चुकला. आता तेच मूल साध्या तापासाठी बाह्यरुग्ण विभागात आले आहे, वजनकाटा हाताच्या अंतरावर आहे आणि गर्दीमुळे कोणी तोललेच नाही. आकडा तोच, फरक तेवढाच. पण याचे नाव हयगय. दोहोंना ‘चूक’ म्हटले की पहिल्या वैद्यावर अन्याय होतो आणि दुसरा सहज निसटतो.

तीच गोष्ट पॅरासिटामॉलची. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर १५० मिलिग्रॅम द्यावयाचे. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात, म्हणून दीड मिलिलिटर. पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० असतील तर सव्वासहा, २५० असतील तर तीन. पातळ औषधाचे सव्वासहा हे माप थेंबांच्या बाटलीतून दिले गेले, की बाळाच्या पोटात चौपटीहून अधिक औषध जाते. वैद्य तीव्रता लिहायला विसरला, की दुकानदाराने दुसरीच बाटली दिली, की आईने घरच्या चमच्याने मोजले? विसर, गफलत आणि चुकलेले माप यांवरचे उपाय तीन आहेत. दोषी शोधण्याच्या घाईत आपण एकही करीत नाही.

अर्थात शब्दांच्या आडोशाला दडण्याचा धोका आहेच, आणि तो इंग्रजीने पुरता अनुभवला आहे. १९७० मध्ये जन्मलेल्या एका बाळाच्या मेंदूला चिमट्याच्या प्रसूतीत इजा झाली, असा दावा व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन या खटल्यात होता. अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी निर्णयातील चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असे सरसकट मांडले. पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सने डॉक्टरला निर्दोषच ठरविले, पण ते सूत्र नाकारले. निर्णयातील काही चुका निष्काळजीपणाच्या असतात, काही नसतात. केवळ नाव देऊन प्रश्न मिटत नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडे जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली डॉक्टरांना दिलासा दिला. त्या निकालातले ‘निर्णयातील चूक’ हे शब्द आपल्या बैठकांत वारंवार ऐकू येतात; डॉक्टरकडून वाजवी दक्षता त्याच निकालाने अपेक्षिली आहे, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आपल्या इंदुरात पालकांशी संभाषण बहुधा हिंदीत चालते, आणि तेथे ‘गलती’ व ‘लापरवाही’ या दोन शब्दांतच प्रकरण पेटते. वकिलाच्या भीतीने आपण गप्प बसतो आणि ते मौन पालक ‘लापरवाही’ म्हणूनच वाचतात. काय घडले ते त्याच दिवशी साध्या शब्दांत सांगितले, तर निदान पालकांना ते आपल्याकडून कळते.

आपल्या मंडळाच्या मासिक सभेत दुर्मीळ आजारांवर उत्तम व्याख्याने होतात. त्यांतील पंधरा मिनिटे चुकलेल्या हिशेबांना द्यावीत, अशी माझी सूचना आहे. नावे गाळून घटना सांगावी आणि सभेने तिला नेमका शब्द द्यावा. आरंभ अंकांपासून करता येईल. देवनागरी चार इंग्रजी आठासारखा दिसतो, आपला एक त्यांच्या नवासारखा आणि सात सहासारखा. आजी एका लिपीत टिपून ठेवते, नातवाची आई दुसऱ्या लिपीत वाचते. चिठ्ठीवर मात्रा अंकाबरोबर अक्षरांतही लिहायची का, एवढा ठराव पहिल्याच सभेत होऊ शकेल.