तंतुवाद्यांविना जँगो

१/ पॅरिस, १९३४. तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक डबल बास अशा पाच तंतुवाद्यांचा जॅझ संच उभा राहिला. त्यात ड्रम नव्हते, फुंकून वाजवायचे एकही वाद्य नव्हते. संचाचा नायक होता जँगो राइनहार्ट. २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट महोत्सवात सॅक्सोफोनवादक जेम्स कार्टर यांनी याच जँगोचे संगीत सादर केले, तेव्हा मंचावर एकही तंतुवाद्य नव्हते.

२/ सॅक्सोफोन, हॅमंड ऑर्गन आणि ड्रम एवढ्यावर ती मैफल उभी होती. २०१९ मध्ये ‘ब्लू नोट’ने ती ‘लाइव्ह फ्रॉम न्यूपोर्ट जॅझ’ या नावाने प्रकाशित केली. जँगोची ओळख ज्या वाद्यांशी जोडली गेली, तीच काढून टाकणे ही वारशाची मोडतोड नव्हे काय? नव्हे. आणि याची साक्ष खुद्द जँगोचे आयुष्यच देते.

३/ जँगोचा जन्म १९१० मध्ये बेल्जियममधील एका भटक्या रोमा कुटुंबात झाला. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांच्या बळावर त्याने गिटारवादनाची नवी रीत घडवली. जुनी वाट बंद झाली की नवी शोधायची, हा त्याच्या कलेचा पायाच होता.

४/ १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. त्याचा व्हायोलिनवादक सहकारी स्टेफान ग्रापेली लंडनमध्येच राहिला. १९४० मध्ये जँगोने संचात व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आणले, ड्रमही घेतले. नाझी राजवट लाखो रोमांचा संहार करीत असताना हा रोमा कलावंत जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये वाजवत होता. ‘ल मान्वार द मे रेव्ह’, म्हणजे ‘माझ्या स्वप्नांतील वाडा’, ही रचना त्याच काळातली. कार्टर यांच्या अल्बममध्ये ती आहे.

५/ याच अल्बममधील ‘आनुमाँ’चा दाखला त्याहून बोलका आहे. जँगोने ती मृत्यूच्या काही महिने आधी, जानेवारी १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित केली. त्या वेळी त्याच्या हाती इलेक्ट्रिक गिटार होते आणि सोबतीला सॅक्सोफोन! म्हणजे कार्टर यांनी परके वाद्य आणून बसवलेले नाही. १९३४ च्या चौकटीत जँगोला बंदिस्त केले ते चाहत्यांनी. तो स्वतः तेथून केव्हाच पुढे गेला होता.

६/ आता ऑर्गनविषयी. लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये बाजारात आणलेले हे विद्युत वाद्य महागड्या पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून अनेक चर्चमध्ये पोहोचले. कृष्णवर्णीय वस्त्यांतील बारमध्ये त्याला दुसरे घर मिळाले. वादक डाव्या हाताने आणि पायपट्ट्यांनी बासचे काम करी. एका माणसाचा मेहनताना वाचे. ऑर्गन त्रयी अशा काटकसरीतून रुजली. न्यूपोर्टला हे काम जेरार्ड गिब्स यांनी केले. ड्रमवर होते अलेक्झांडर व्हाइट.

७/ कार्टर यांना जुनी चौकट ठाऊक नव्हती असे नाही. २००० मधील ‘चेसिन द जिप्सी’ या जँगोला वाहिलेल्या अल्बममध्ये त्यांनी गिटार घेतले आणि नात्यातील रेजिना कार्टर यांचे व्हायोलिनही. त्यानंतर अठरा वर्षांनी हेच संगीत त्यांनी आपल्या डेट्रॉइटच्या ऑर्गन परंपरेत आणले. म्हणूनच दुसरा अल्बम अधिक धाडसी आणि जँगोच्या वृत्तीला अधिक जवळचा ठरतो.

८/ एक आक्षेप मात्र रास्त आहे. या अल्बममधील ‘ला व्हाल्स दे निग्लो’ ही रचना जँगोची नसून त्याच्या आधीच्या पिढीतील गुस्ती माल्हा याची मानली जाते. एका थोर नावाच्या छायेत त्याच समाजातील इतर नावे पुसट होतात. वाद्ये बदलल्याने इतिहासाचे नुकसान होत नाही. कर्त्याचे नाव गळाल्याने होते.

९/ ज्या समाजाला युरोपने मारून संपवू पाहिले, त्याचे संगीत अमेरिकी कृष्णवर्णीय परंपरेच्या वाद्यमेळात नव्याने वाजते आहे. आधी १९५३ चे ‘आनुमाँ’ ऐकावे, मग न्यूपोर्टचे. दोन्हींत सॅक्सोफोन आहे. मग मोडतोडीचा आरोप कितपत टिकतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.