ठेव आणि ठेवा

रेल्वेच्या पहिल्या वर्गातील दोन शायिकांच्या बंदिस्त कक्षाला ‘कूपे’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कापलेला’. मोठ्या घोडागाडीचा काही भाग कमी करून दोघांपुरती केलेली बग्गी म्हणजे कूपे. पुढे दोन दारांच्या, पक्क्या छताच्या आणि डौलदार बांध्याच्या मोटारीला हेच नाव मिळाले. अशी एखादी जुनी अमेरिकन कूपे पूर्ववत करून ‘परवडणाऱ्या किमतीत’ विक्रीस असल्याचे कळले, तर रायपूरच्या एखाद्या हौशी नोकरदाराला किंवा व्यापाऱ्याला मोह पडणे स्वाभाविक आहे. या हौसेला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तपासून पाहायला हवा तो ‘परवडणारी’ हा शब्द.

अमेरिकेत या शब्दाला आधार आहे. फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली, तेव्हा तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती. दोन वर्षांच्या आत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. जी वस्तू मुळातच विपुल होती, तिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात आणि ती दुरुस्त करणारे कारागीरही सापडतात. म्हणूनच तेथील मध्यमवर्गीय माणूस अशी गाडी बाळगू शकतो.

भारतातील परिस्थिती निराळी आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या. परंतु आपल्याकडील मोठ्या कुटुंबांना चार दारांची गाडीच सोयीची असल्याने कूपे थोड्याच दिसल्या. देशी निर्मितीला प्राधान्य देणाऱ्या सरकारी धोरणामुळे १९५० च्या दशकाच्या मध्यास जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जुळणी थांबवली. सुटे भाग दुर्मिळ झाले, पेट्रोल महागले आणि अनेक मालकांनी या अवजड गाड्यांना डिझेल इंजिने बसवून घेतली. मिस्त्रींच्या कौशल्याने गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्यांचे मूळ रूप मात्र बदलत गेले.

आता नेमके हे मूळ रूपच मोलाचे ठरते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपातील आणि मोठे फेरफार न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध राहते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरास मुभा नाही. म्हणजे परके इंजिन बसवलेली चकचकीत कूपे कितीही स्वस्त मिळाली, तरी या नोंदणीत ती अडण्याचा संभव आहे.

म्हणून रंगरंगोटी आणि जीर्णोद्धार यांतील भेद खरेदीदाराने ओळखला पाहिजे. पत्र्यावर लोहचुंबक फिरवला, तर रंगाखाली पुट्टीचे जाड थर कोठे आहेत ते लक्षात येते. चॅसी व इंजिनाचे क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळवावेत. कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, सुट्या भागांची बिले आणि पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे मागून घ्यावीत. ज्या गाडीची फाइल जाड, तिची किंमत थोडी अधिक असली तरी व्यवहार स्वस्त. जिची फाइलच नाही, ती फुकट मिळाली तरी महाग.

गाडी मुंबईहून रायपूरला आणायची, तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि छत्तीसगडमधील नोंदणीचे सोपस्कार आलेच. शिवाय ट्रेलरचे भाडे. रायपूरच्या उन्हाळ्यात कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडण्याची शक्यता असते. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या व सील त्यासाठी तयार केलेल्या नसतात; त्या बदलाव्या लागतात. जाणकार मिस्त्री गावात नसेल, तर नागपूर वा मुंबई गाठण्याचा खर्च वेगळा.

येथे बँकेचा संबंध येतो. वाहनकर्ज देताना गाडीचे उरलेले आयुष्य पाहिले जाते, त्यामुळे साठ वर्षांची कूपे सामान्यतः त्या चौकटीत बसत नाही. मग वैयक्तिक कर्ज घेण्याचा वा मुदत ठेव मोडण्याचा विचार बळावतो. ‘जुन्या गाड्यांच्या किमती वाढतच जातात, ही गुंतवणूकच आहे,’ असे समर्थनही केले जाते. हे समर्थन फसवे आहे. भाव वाढतात ते मुख्यत्वे दुर्मिळ आणि अस्सल गाड्यांचे. मुदत ठेवीची रक्कम ठरल्या दिवशी हाती येते. गाडीचे पैसे मात्र दुसरा तितकाच हौशी माणूस भेटेल तेव्हा. जिची विक्री अशा योगायोगावर अवलंबून आहे आणि जी दर महिन्याला खर्च मागते, तिला ठेव म्हणता येणार नाही. मुलांचे शिक्षण, आजारपण आणि निवृत्ती यांची तरतूद झाल्यानंतर जे उरेल, त्यातूनच ही हौस भागवावी, आणि खरेदीच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावी.

हा हिशेब मांडल्यावरही ज्याला गाडी घ्यावीशी वाटेल, त्याने ती अवश्य घ्यावी. पत्रा हातोडीने घडवणारे, कार्बोरेटरचा सूर कानाने लावणारे, आसनांची शिवण हाताने घालणारे कारागीर अशाच मालकांमुळे टिकून आहेत. त्यांच्या मजुरीत घासाघीस न करणारा मालक एका विद्येचा पोशिंदा ठरतो. आजीची पैठणी मोडून चार पैसे येतील, म्हणून कोणी ती जपत नाही. ती ठेवा असते. कूपेही त्याच नजरेने घरात आणावी. ठेव बँकेत सुरक्षित असावी आणि ठेवा घरात. एकासाठी दुसरी मोडण्याची वेळ येऊ नये, एवढे भान राखले की ‘परवडणारी’ हा शब्द खरा ठरतो.