जाब कोणी विचारावा?

पोलिसाविरुद्धचे गाऱ्हाणे सांगावयाचे ते त्याच पोलिस ठाण्याच्या पायऱ्या चढून, ही स्थिती कोणाही विचारी नागरिकास बोचल्यावाचून राहणार नाही. (मास्तरांविरुद्धची तक्रार मास्तरांच्याच हाती देणाऱ्या विद्यार्थ्याची गत काय होते, हे आम्ही जाणून आहो!) म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात आदेश दिला की, राज्य व जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलिस तक्रार प्राधिकरणे नेमावीत आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात.

महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला खरा. परंतु जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. सिरोंच्याच्या एखाद्या मजुरास कोठडीत मार बसला, तर दाद मागावयाची ती नागपुरास, तीनशेहून अधिक किलोमीटरांवर! मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितास अर्ज लिहिता येतो, वकील गाठता येतो. ज्याला यांपैकी काहीच साधत नाही, त्याच्याच पाठीवर दंडुका अधिक सहजपणे पडतो. शिवाय राज्य प्राधिकरणाचा अहवाल अपवादात्मक प्रसंगी, कारणे नोंदवून, फेटाळण्याची मुभा शासनाने आपल्यापाशी राखली आहे. अपवाद कोणता, हे ठरविणार पुन्हा शासनच.

अशा चौकशीने पोलिसांचे मनोधैर्य खचेल, असे म्हटले जाते. आम्हांस हा आक्षेप पटत नाही. खोट्या आरोपातून प्रामाणिक शिपाई सुटावयाचा, तर वरिष्ठाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्रयस्थाचा निर्णयच लोक अधिक मानतील. शासनाने निदान जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरणे नेमावीत, आणि फेटाळलेल्या प्रत्येक अहवालाची कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत.